मागच्या पानावरचा विळा

६ जानेवारी

उठवलं! एक्केचाळीस वर्षं ज्या खुर्चीवर बसून वाचनालय चालवलं, तिच्यावरून मला आज उठवलं — आणि वर विचारलं, "काकू, चहा घेणार?"

विश्वजीतची कमाल आहे. वाचनालयाचा अध्यक्ष झाल्यापासून मान इतकी ताठ की पायाखालचं दिसत नाही. बरोबर एक पोरगी घेऊन आला. "काकू, ही वल्लरी. ग्रंथालयशास्त्राचं प्रमाणपत्र आहे हिच्याकडे. ह्या सरकारी तपासणीत आपल्याला 'क' वर्गातून 'ब' वर्गात जायचंय, अनुदान वाढेल. तिथे प्रमाणपत्रवालाच ग्रंथपाल लागतो. तुमचं शिक्षण…" आणि थांबला. थांबला कशाला? तिसरी नापास. गावाला ठाऊक आहे. पुढचं सगळं वाण्याच्या पुड्या वाचून शिकले. ह्याच विश्वजीतचं नाक पदराने पुसून मी त्याच्या हातात चित्रांची पुस्तकं दिली होती. नाक तेवढं पुसलं गेलं, बाकी काही शिरलं नाही.

पोरगी काटोलची, नागपूरकडची. हिंजवडीला होस्टेलवर राहते. वाक्याच्या शेपटीला "जी" लावते. पहिल्याच दिवशी टेबलावर संत्रं सोलत बसली. पुस्तकाशेजारी! मी हिला वल्लरी-बिल्लरी म्हणणार नाही. प्रमाणपत्र आलंय, प्रमाणपत्रच म्हणणार.

७ जानेवारी

तरी गेलेच. कोपऱ्यात स्टूल आहे, त्यावर बसले. स्टुलाला प्रमाणपत्र लागत नाही.

९ जानेवारी

वाचनालय वाढलं, वाढलं म्हणतात. वाढलं खरं. अंगाने.

आमचे हे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. तिथल्या क्वार्टरमधल्या क्लबात जुनी पुस्तकं टाकून द्यायला काढलेली, ती लाकडी खोक्यात भरून सायकलला बांधून आणली. गावाने विचारलं, "ज्ञानदेवा, खोक्यात बाँब आणलास का?" हे म्हणाले, "हो, पण उशिरा फुटणारा." मग मारुतीच्या देवळामागची खोली मिळाली. खोलीत एक कपाट, मग तीन. मग गाव महापालिकेत गेलं, खोली रस्त्यात गेली. आणि विश्वजीतच्या वडिलांच्या उसाच्या रानात बारा मजले उगवले, त्यातला पहिला मजला आम्हाला मिळाला.

आता थंडगार हॉल. साठ खुर्च्या, प्रत्येकीला लाकडी आडोसा, जनावराच्या गव्हाणीसारखा. त्याला अभ्यासिका म्हणायचं. पोरं सकाळी येतात, कानात बोंडं घालतात, स्वतःच्या घरून आणलेली पुस्तकं वाचतात. काही जण कंपनीचं काम करत बसतात. आमची पुस्तकं बोळात, स्वच्छतागृहाच्या वाटेवर. परवा एकाने मला विचारलं, "आजी, इथे बुक्स पण मिळतात?" म्हटलं, "नाही रे बाबा, चुकून ठेवलीत."

११ जानेवारी

प्रमाणपत्राने आज मला विचारलं, "काकू, हा विळा कोणाचा आहे जी?"

जुन्या कपाटातलं एक पुस्तक उघडून उभी होती. मागच्या कोऱ्या पानावर बोट. मी म्हटलं, "गवत कापायचा." आणि चष्मा पुसत बसले. तिला सांगून काय उपयोग? तिच्या शास्त्रात नाही ते.

पण इथे लिहिते. लिहिलं नाही तर मीही विसरेन.

खोलीत वाचनालय होतं तेव्हा बायकांची नावं वहीत नसत. "बाईचं नाव वहीत कशाला?" पुस्तक नवऱ्याच्या नाहीतर दिराच्या नावावर जायचं आणि चुलीपुढे वाचलं जायचं. मी पिशवीत घालून दारोदार न्यायचे, वर भाजी ठेवून. कुणी काय वाचलं हे कळायला हवं ना? म्हणून खुणा. पुस्तक वाचून झालं की मागच्या पानावर आपली खूण करायची. परटाच्या सुनेची कपड्याची घडी. सुताराच्या बायकोचा करवतीचा दात. माझी दोन टिंबं. आणि सोजरबाईचा विळा.

सोजर माझी शेजारीण. माझ्याहून तिखट. तिचा विळा नुसता विळा नव्हता, निकाल होता. पातं वर असलं म्हणजे वाचा. पातं खाली म्हणजे बंबात घाला. सगळ्या बायका आधी मागचं पान उघडून सोजरचा विळा बघायच्या आणि मग पुस्तक उचलायच्या. नावाड्याच्या लेकीची एक जाड कादंबरी होती, मला जीव की प्राण! सोजरने विळा पालथा घातला. "सोडून गेलेली बया परत कशाला आली? स्वाभिमान नाही मेलीला!" त्यावरून आम्ही आठ दिवस बोललो नाही. नवव्या दिवशी तिने भिंतीवरून वाटीभर कालवण दिलं, पण विळा काही उलटवला नाही.

अशी चारशे तीस पुस्तकं आहेत. कव्हरं गेलेली, कोपरे कुरतडलेले. चार वर्षांपूर्वी सोजर गेली. तिचा फोटो माझ्याकडे नाही. विळे आहेत.

तेवढं एक कपाट राहिलं की झालं. खुर्ची गेली तरी चालेल. खुर्चीत काय, विश्वजीतसुद्धा बसतो.

१४ जानेवारी

संक्रांत. प्रमाणपत्रालाही तिळगूळ दिला. गोड बोलेन असं काही मी म्हटलं नाही.

१७ जानेवारी

अंगाला आग लागली आहे.

प्रमाणपत्राच्या टेबलावर यादी पाहिली. वर लिहिलंय — निर्लेखनासाठी जीर्ण ग्रंथ. खाली माझं अख्खं कपाट, क्रमवार, सुवाच्य अक्षरात. निर्लेखन म्हणे! म्हणजे रद्दीच, सरकारी टोपी घातलेली. चार दिवस संध्याकाळी सगळे गेल्यावर ही मागे थांबते, कपाटापाशी बसून पानं उलटते — मला वाटलं वाचते की काय! यादी करत होती.

तडक विश्वजीतच्या ऑफिसात गेले. तिथे दोन माणसं फ्लॅट बघायला आलेली. मी म्हटलं, "माझी पुस्तकं रद्दीत घालणार आहेस का रे?" तो उठला, दार लावलं.

"काकू, असं कोण म्हणालं?"

"यादी म्हणाली."

"अहो ती फॉर्मॅलिटी आहे. तपासणीला जीर्ण पुस्तकांची यादी दाखवावी लागते. तुमच्या कपाटाला हात लागणार नाही."

"शपथ घे."

वाकला, पायाला हात लावला. "काकू, तुम्ही मला आईसारख्या."

असो. पोरगं गर्विष्ठ आहे, खोटं नाही. मातीचे पाय असले तरी घरचेच. ती मात्र — दीड हात पोरगी, आली तशी यादीच करायला बसली. कुणाची कोण!

२१ जानेवारी

आता टेम्पोचं पुराण. हे मी कुणाला सांगत नाही, पण वहीला काय लाज?

'ब' वर्गाला पाच हजार पुस्तकं लागतात. आमची भरतात एकतीसशे. मग काय करायचं? विकत घ्यायची? छे! मुळशीच्या बाजूला जांभुळखोरं नावाचं गाव आहे. तिथल्या वाचनालयाला कुणा कारखानदाराने एकदा ट्रकभर कोरी पुस्तकं दान दिली. तपासणी जवळ आली की त्यांची पुस्तकं टेम्पोत बसून आमच्याकडे पाहुणी येतात, आमची तपासणी झाली की परत जातात, दोन दिवसांनी तिथे तपासणी. मधल्या काळात तिसऱ्या एका गावालाही जाऊन येतात म्हणे. मुळशीतली पुस्तकं माणसांपेक्षा जास्त फिरतात! एकाच नवरीला तीन मांडवांत उभं करायचं आणि तिन्ही गावांनी म्हणायचं, आमच्याकडे लग्न आहे. अशी वाढतात वाचनालयं.

मी खुर्चीवर होते तोवर 'क' वर्गात राहिलो, कारण मी टेम्पो दारात उभा राहू दिला नाही. एकदा सोनबा टेम्पोवाला आलाच होता. त्याला पिठलं-भाकरी वाढली आणि भरल्या टेम्पोनिशी परत पाठवला. सोनबा अजून सांगतो, "काकूंकडं मालाचं नाय, डायव्हरचं अनलोडिंग झालं!"

आज तोच सोनबा एकोणीसशे पुस्तकं उतरवून गेला. माझ्याकडे बघून खाली मान घातली. म्हटलं, "भाकरी हवी का?" म्हणाला, "काकू, लाजवू नका."

२३ जानेवारी

चार पोरं बसवून सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरं चढवली. वर पांढरी चिठ्ठी, त्यावर आमचं नाव. आमची, त्यांची, जुनी, नवी — सगळी एका गणवेशात, पोलीस भरतीला उभी असल्यासारखी. बाहेरून कोण कुणाचं, ब्रह्मदेवाला कळणार नाही.

त्यांची पुस्तकं मी उघडून पाहिली. दहा वर्षांची, पण पानं एकमेकांना चिकटलेली. कुणी उघडलीच नाहीत. बिचारी. गावोगाव फिरून कुमारिका.

२४ जानेवारी

प्रमाणपत्राने माझं कपाट हलवलं! चार पोरं लावून बोळातून ओढत नेलं आणि पार बाहेरच्या दाराशी, जिन्याच्या तोंडाला नेऊन ठेवलं. मी म्हटलं, "का गं?" माझ्याकडे न बघता म्हणाली, "तपासणीवाल्या साहेबांना आत जीर्ण दिसायला नको जी." विश्वजीत तिथेच होता. खूश! "बघा काकू, ह्याला म्हणतात मॅनेजमेंट."

दाराशी चपला ठेवतात. सोजर, तुला चपलांच्या रांगेत बसवलं.

तिच्याशी बोलणं बंद. आजपासून.

२७ जानेवारी

विश्वजीतचा फोन. "काकू, उद्या तुम्ही घरीच आराम करा. साहेबांनी विचारलं ह्या कोण, तर काय सांगायचं?"

खरंच. काय सांगणार?

२८ जानेवारी

समोरच्या औषधाच्या दुकानात जाऊन बसले. गुडघ्याचं मलम घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

साहेब आले, पाऊण तास वर होते, त्यातला अर्धा तास जेवण. खाली उतरले तेव्हा हातात शाल, नारळ आणि दात कोरायची काडी. साडेपाच वाजता सोनबाचा टेम्पो लागला. पोरं दाराजवळून गठ्ठे मोजून टाकत होती, "तेराशे, तेराशे पन्नास…" प्रमाणपत्र दारात उभी, हातात कागद. मोजदाद कडक! एकोणीसशे भरली, टेम्पो गेला.

मी मलम लावून घरी आले.

२९ जानेवारी

कपाट रिकामं.

लिहिता येत नाही. उद्या.

३० जानेवारी

पोरांनी एकोणीसशे पुस्तकं मोजली, पण कुणाची ते बघितलं नाही. दाराजवळ जे होतं तिथून सुरुवात केली. म्हणजे माझ्या कपाटापासून. माझी चारशे तीस जांभुळखोऱ्यात गेली आणि त्यांची चारशे तीस कोरी इथे राहिली. खाकी गणवेश सगळ्यांना सारखा! मी तिथे असते तर एका हाताने मागचं पान उघडून सांगितलं असतं. पण मी आराम करत होते.

विश्वजीतला सांगितलं. तो मोबाइलमध्ये बघत म्हणाला, "आकडा बरोबर आहे ना? मग झालं. काकू, पुस्तक म्हणजे पुस्तक. उलट आपला फायदा झाला, फाटकी गेली, कोरी आली."

"आणि पायाला हात लावला होतास तो?"

"मी कुठे हात लावला कपाटाला? चूक झाली. चुकीला काय करणार?"

प्रमाणपत्र ऐकत होती. टेबलावर संत्र्याची साल, नीट एका अखंड वेटोळ्यात सोललेली. हात भारी सुबक. काळीज कुठे ठेवलंय कुणास ठाऊक.

२ फेब्रुवारी

गेले नाही. स्टूलही आता त्यांचंच.

५ फेब्रुवारी

आणायला गेले होते. सगळं नीट लिहायला हवं.

सकाळी सोनबाला बोलावलं. म्हटलं, "चुकीचं नेलंस, बरोबर आणून दे." म्हणाला, "बसा पुढं, पण भाकरी बांधून घ्या. ह्या वेळंला मागून खातो." हिंजवडीच्या चौकात कंपन्यांच्या बसगाड्यांत तासभर अडकलो. तिथेच भाकरी संपली.

जांभुळखोऱ्याच्या वाचनालयाचे चिटणीस महिपती गुरुजी. ऐंशीचे असतील. मला बघून हात जोडले. "बाई, तुम्ही तक्रार करायला आलात. करा. हे वाचनालय वर्षातून दोनदा उघडतं. एकदा तपासणीला, एकदा सोनबा आला की."

"माझी पुस्तकं कुठायत?"

गुरुजी म्हणाले, "परत आली त्या दिवशी समाजमंदिरात लग्न होतं. पोरांनी गठ्ठे अंगणवाडीच्या ओसरीवर टाकले. तिथनं वरचे गठ्ठे… बायकांनी नेले."

"नेले म्हणजे? नोंद?"

"कसली नोंद हो! एकीने नेलं, दुसरीने बघितलं, तिने नेलं. तपासणीला चारशे कमी भरली. साहेबांनी शेरा मारला. मारू दे."

माझ्या डोक्यात सणक गेली. वाचनालय म्हणायचं आणि नोंद नाही! तशीच अंगणवाडीत गेले. तिथे तनुजा म्हणून मदतनीस आहे, तिशीची, पोरांची खिचडी ढवळत होती. म्हटलं, "माझी पुस्तकं द्या." ती घाबरली. फडताळातून एक काढून दिलं, पदराने पुसून. हातात घेतलं आणि वजनावरूनच ओळखलं. नावाड्याची लेक!

सवयीने मागचं पान उघडलं. सोजरचा विळा, पालथा. माझी दोन टिंबं. आणि त्याखाली नवी शिसपेन्सिल — एक पळी. तिच्याखाली बांगडी. तिच्याखाली कसलंसं झाडपान.

"हे काय?"

"आमाला वाटलं वाचून झालं की खूण करायची रीत हाय. चुकलं व्हय? खोडून दिऊ?"

"नको गं," म्हटलं. मग सगळं सांगितलं. बायका जमल्या. विळ्याचं पातं वर म्हणजे काय, खाली म्हणजे काय, सोजर कशी होती. तनुजा ऐकता ऐकता एकदम भडकलीच. "म्हंजे ह्या बायनं हे पुस्तक वाईट म्हणलंय? काय तरी बाय! रडून रडून डोळं सुजलं माझं! परत आली तर काय झालं, घर तिचंबी हुतंच की!" आणि पेन्सिल घेऊन विळ्याच्या अगदी बाजूला आणखी एक पळी काढली. उताणी. विळ्याहून मोठी.

चार वर्षांनी सोजरशी भांडायला कुणीतरी आलं! मी हसले की रडले, सोनबाला विचारा, तो बघत होता.

एकच कोडं. त्या पानावर, माझ्या टिंबांखाली, नव्या खुणांच्या वर, एक बारीक गोल होता. वर एक पान. मी म्हटलं, "हा गोल कुणाचा?"

"त्यो आमचा न्हाई. त्यो आधीच हुता."

आमच्यात गोल कुणाचाच नव्हता. आणखी आठ-दहा पुस्तकं मागवून बघितली. दोन-तीनांत मागच्या पानावर तोच गोल. ताजा दिसत होता.

पुस्तकं आणली नाहीत. नावाड्याची लेकसुद्धा नाही; तिच्यासाठी तिथे तिघी नंबर लावून आहेत. सोनबा म्हणाला, "काकू, एवढं डिझेल जाळलं आन् रिकाम्या हातानं?" म्हटलं, "गाडी चालव."

७ फेब्रुवारी

सकाळी सीताराम रद्दीवाला गल्लीत भेटला. तोंड वाकडं करून म्हणाला, "काय काकू, तुमच्या वाचनालयानं फुकटची फेरी मारायला लावली. तपासणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ये, चारशे तीस नग आहेत, असं विश्वजीतदादा पंधरा दिवस आधीच सांगून गेलेले. गेलो तर कपाट मोकळं!"

तशीच वर गेले. ती टेबलापाशी होती. चौदा दिवसांनी पहिल्यांदा बोलले. "कपाट दाराशी का नेलंस?"

संत्रं सोलता सोलता म्हणाली, "टेम्पोत पहिले तेच जायला पाहिजे होतं जी."

"मला सांगायचं होतंस!"

"तुम्ही माझ्याशी बोलतच नव्हत्या."

उठली, खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि हातात अर्धं संत्रं ठेवलं. समोर एक कोरं जांभुळखोऱ्याचं पुस्तक, शेवटचं पान उघडं. त्यावर शाई अजून ओली होती — गोल, वर एक पान.

वल्लरी. वल्लरी नाव आहे तिचं.